आजारपणाच्या रजेत सूतगिरणी सुटली, मग मोटर भरायला शिकले

फुप्फुसाचा क्षयरोग झाला तेव्हा मी विदर्भातल्या एका सूतगिरणीत कोन वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत शंकूवर गुंडाळण्याच्या कामावर, कायम कामगार होते. सहा महिन्यांची औषधे पूर्ण झाली, थुंकीच्या तपासणीत जंतू आढळले नाहीत आणि सरकारी डॉक्टरांनी कामावर जाण्यास योग्य असल्याचा दाखला दिला, पण तोपर्यंत हजेरीपटावरून माझे नाव कमी झाले होते. न कळवता गैरहजर राहिले, एवढेच कारण मला सांगण्यात आले.

ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे किंवा येऊ घातली आहे, त्यांना मी सर्वांत आधी पोच या गोष्टीबद्दल सांगते. माझा रजेचा पहिला अर्ज दिराने टाइम ऑफिसात नेऊन दिला, पुढचे अर्ज आमच्या गावातून पाळीला जाणाऱ्या बायांच्या हाती गेले आणि दर वेळी ‘दिला’ असा निरोप आला. आवक नोंदवहीत त्यांपैकी एकाचीही नोंद नव्हती. खेड्यात माणसे एकमेकांच्या शब्दावर चालतात आणि त्यात गैर काही नाही, परंतु ज्या बायांनी माझे अर्ज नेले त्यांची चूल त्याच गिरणीवर पेटते आणि त्यांना साक्षीला उभे राहा असे म्हणणे मला शक्य झाले नाही. म्हणून अर्जाच्या दोन प्रती काढा; एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व सही घ्या. शिक्का देत नसतील तर तिथे वाद न घालता तोच अर्ज डॉक्टरांच्या दाखल्यासह स्पीड पोस्टने पाठवा आणि पावतीची लगेच झेरॉक्स काढा, कारण तिच्यावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते. रजा वाढवायची असेल तर आधीची रजा संपण्यापूर्वी हे सगळे पुन्हा करा. अंगात ताप असला तरी घरातल्या कोणाकडून तरी करून घ्या. साहेबांना मोबाइलवर पाठवलेला फोटो जपून ठेवा, पण त्यावर विसंबू नका.

पगारातून कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) कपात होत असेल, तर अटी पूर्ण केल्यावर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो आणि क्षयरोगासारख्या दीर्घ आजारात तो पुढेही, वेतनाच्या ८० टक्के दराने, चालू ठेवून घेता येतो. हा भत्ता चालू असताना कामगाराला काढता येणार नाही, असे या विम्याच्या १९४८ च्या कायद्याचे ७३ वे कलम सांगत होते. जिनिंग-प्रेसिंगमध्ये राबणाऱ्यांना मात्र हे कवच नाही, कारण ते कारखाने हंगामी धरले जातात. गैरहजेरीच्या कारणावरून चौकशी न करता नाव आपोआप कमी करणे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये डी. के. यादव प्रकरणात अमान्य केले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्याने कलमे आणि तक्रारीच्या मुदती बदलल्या आहेत, त्यामुळे जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जाण्यास उशीर करू नका. ‘हिशेब घे आणि इथे सही कर’ असे कोणी म्हटले तर तो कागद घरी आणून वाचल्याशिवाय त्याला हात लावू नका, कारण पुष्कळदा तो राजीनामा असतो. मला समेटात ग्रॅच्युइटी मिळाली, नोकरी मिळाली नाही.

हे वाचून धीर सोडू नका. क्षयरोग पूर्ण बरा होतो, औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि ती अर्ध्यात सोडली नाहीत तर शरीरात पुन्हा काम करण्याची ताकद येते. फक्त ती ताकद येण्याआधी, घाबरून कुठल्याही क्लासची फी भरू नका. ‘शंभर टक्के नोकरी’ अशी पाटी लावणाऱ्या क्लासांबद्दल माझे मत वाईट आहे आणि ते बदलेल असे वाटत नाही. आयटीआयला वयाची कमाल मर्यादा नाही, पण इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमाला दोन वर्षे द्यावी लागतात. घर थांबू शकत नसेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, गाठा. तिथे शिकणे, राहणे आणि जेवण मोफत असते. मी तिथे मोटर रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची नवी तार गुंडाळून ती भरणे, निवडले, कारण कापसाच्या धुळीत परत जायचे नव्हते आणि धागा किती ताणला की तुटतो हे माझ्या बोटांना ठाऊक होते. तांब्याच्या तारेलाही तोच अंदाज लागतो.

संस्थेत हात बसतो, डोळा मात्र दुकानात तयार होतो. महिनोन्महिने केवळ झाडू मारायला लावणाऱ्या मिस्त्रीकडे थांबू नका. मला शिकवणाऱ्या काकांनी पहिल्याच आठवड्यात जळालेली मोटर पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, “पोरी, पयले मोज, मंग काप.” जुनी गुंडाळी कापण्यापूर्वी किती खाचे, एका खाच्यात किती वेढे, तारेचा गेज (जाडी) कोणता आणि जोडणी कशी, हे वहीत उतरवायचे, एकदा कापल्यावर ती माहिती कुठूनही परत मिळत नाही. मग जळण्याचे कारण वाचायचे. सगळ्या गुंडाळ्या सारख्या काळ्या असतील तर मोटारीवर जास्त भार आला किंवा विजेचा दाब कमी होता. काही काळ्या आणि मधल्या काही स्वच्छ, असे ठरावीक अंतराने दिसले तर विजेच्या तीन फेजपैकी एक गेलेली असताना मोटर चालत राहिली. हरभऱ्याला रात्रीचे पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या मोटारीत हे वारंवार दिसते. अशा वेळी मोटर भरून देण्याबरोबरच प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेल्यास मोटर बंद करणारे उपकरण, बसवायला सांगावे. त्यामुळे आपले एक काम कमी होते, पण तोच माणूस पुढे चार जणांना आपल्याकडे पाठवतो.

आजारातून उठलेल्यांनी वार्निशचे काम बंद खोलीत करू नये. मी ते अंगणात, वाऱ्याची दिशा पाहून करते. दुकानासाठी मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि आरसेटीचे लोक त्या कागदपत्रांत मदत करतात. त्यातून आधी वाइंडिंग मशीन, मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) आणि तारेची जाडी मोजायचा गेज घ्या, पाटी व काउंटर नंतर. निघालेली जुनी तार शेतकऱ्यासमोर तोलून, परत द्यायची की मजुरीत वळती करायची, हे मोटर उघडण्यापूर्वीच ठरवून पावतीवर लिहा आणि त्यावर त्याची सही घ्या.