बांगडीचं अंडं: चष्म्याच्या चामडी घरावर नक्षी शिकताना

चामड्यावर नक्षी शिकायची म्हणून अधूनमधून कुणीतरी माझ्याकडे येतं आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ठसे कुठले घेऊ? मी म्हणते, ठसे राहू द्या, आधी कातडं कुठलं घेताय ते सांगा. मी स्वतः मात्र नेमकं उलटं केलं होतं. ठशांचा संच मागवला आणि बॅगा शिवणाऱ्याकडून आणलेल्या मऊसूत तुकड्यांवर ठोकत बसले. ठसा उमटायचा आणि चहा होईपर्यंत निम्मा बुजायचा. दोन रविवार मी माझ्या हातालाच दोष देत होते.

कातडं क्रोमचं होतं. पर्सा, जॅकेटं, बुटांचा वरचा भाग यांचं बहुतेक कातडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ आणि चिवट असतं, पण दाबलं की परत वर येतं. नक्षी धरून ठेवतं ते झाडाच्या सालीतल्या टॅनिननं कमावलेलं कातडं, ज्याला बाजारात व्हेज टॅन म्हणतात. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच जातीचं. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. रंग आरपार गेलेला नसेल तर क्रोमची कड आतून निळसर-करडी दिसते, व्हेजची तपकिरी. नख दाबा, खूण राहिली पाहिजे. पाण्याचा थेंब टाका, तो आत मुरून तिथे डाग गडद झाला पाहिजे. थेंब मोत्यासारखा वरच बसला, तर कातडं व्हेज असूनही तेला-मेणानं भरलेलं किंवा वरून फिनिश मारलेलं आहे. खोगीर-लगामासाठीचं कातडं असंच असतं. दिसायला देखणं, पण पाणी एकसारखं पीत नाही, त्यामुळे नक्षी कुठे खोल तर कुठे नुसती सावली. दुकानात ‘फिनिश न मारलेलं, नॅचरल’ असं स्पष्ट मागा.

पाठीचा भाग घ्या, पोटाचा नको. पोटाचं कातडं स्वस्त पडतं म्हणून नवशिके तेच उचलतात, पण ते सैल असतं, वाटेल तसं ताणतं. चष्म्याच्या घरासाठी दोन मिलिमीटर जाडी मला पुरते.

आता मुख्य गोष्ट, ओल. हे मी कोल्हापुरात शिकले. तिथे चपला करणारे एक वयस्कर कारागीर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. चपलेच्या तळव्यावर ठसे मारताना ते कातडं आधी गालाला लावून बघायचे. मी घाईनं हातोडी उचलली की म्हणायचे, “थांब पोरी, अजून वलं हाय.” पुढच्या वेळी उशीर केला तर, “आता वाळलं की गं!” एवढ्यावर माझा पहिला दिवस संपला.

पद्धत सांगते. स्पंजनं दोन्ही बाजूंनी पाणी लावायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवायचं, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी पसरते. सकाळी बाहेर काढून थांबायचं. वरचा रंग जवळपास कोरड्या कातड्यासारखा फिकट झाला, पण गालाला गार लागतंय, ही ठसा मारायची वेळ. जास्त ओलं असेल तर ठसा चिखलात पाय बुडाल्यासारखा जातो आणि कडा विरघळतात. जास्त कोरडं असेल तर कितीही ठोका, वरवरचा ओरखडा. ओल नेमकी असली की ठशाखालचं कातडं आपसूक गडद तपकिरी होतं. तो रंग दिसला की समजा जमलं. पुण्यात मे महिन्यात वरचा पापुद्रा बघता बघता सुकतो आणि आत ओल तशीच असते, म्हणून शेजारी पाण्याचा फवारा ठेवावा.

ठोकायला खाली दगड हवा. किचन ओट्याचं काम करणाऱ्यांकडे ग्रॅनाइटचे कटपीस पडलेले असतात, फुटभर चौकोन पुरे. फ्लॅटमध्ये राहत असाल तर दगडाखाली रबराचं जाड पायपुसणं घाला. खालच्या काकू वर यायच्या आधी घाला. ठशावर लोखंडी हातोडी मारू नका, ठशाची डोकी फुटतात. लाकडी किंवा नायलॉनची मोगरी वापरा. आणि महागडा संच खरंच लागत नाही. मोठ्या खिळ्याचं टोक कानशीनं घासून, पॉलिश पेपरनं गुळगुळीत करून मी दाण्याचा ठसा केलाय, तो आजही सर्वांत जास्त वापरते. धार मात्र ठेवू नका, कातडं कापलं जातं.

नक्षीबद्दल एक गैरसमज मोडावा लागतो. समजा मोर काढायचाय, तर मोर वर उचलायचा नसतो, त्याच्या भोवतालची जमीन खाली बसवायची असते. आधी स्विव्हल नाईफनं, म्हणजे बोटांत फिरणाऱ्या पात्याच्या सुरीनं, रेषेवर जाडीच्या जेमतेम निम्मा छेद घ्यायचा. मग त्या रेषेच्या बाहेरच्या अंगानं उतरता ठसा, म्हणजे एका बाजूला उतार असलेला, सरकवत न्यायचा, प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर निम्मा चढलेला. नाहीतर रेषेला पायऱ्या पडतात. शेवटी जमिनीवर बारीक दाणे. डोळ्याला मोर वर आल्यासारखा वाटतो.

माझी पहिली खरी ऑर्डर एका ताईंची होती. पैठणीवरचा बांगडी मोर, म्हणजे वर्तुळातला मोर, त्यांना चष्म्याच्या घराच्या झाकणावर हवा होता. मी पोटाच्या कातड्यावर, मागे काही न चिकटवता काम केलं. जमीन बसवत गेले तसं कातडं एका दिशेला ताणत गेलं आणि संध्याकाळी बांगडीचं अंडं झालेलं. शिवाय झाकण चार मिलिमीटर लांब, शिलाईची भोकं खालच्या भागाशी जुळेनात. ताई चांगल्या म्हणून म्हणाल्या, “मोर जरा जाड झालाय, एवढंच.” मी पुन्हा करून दिलं. तेव्हापासून मागच्या बाजूला चिकटपट्टी लावल्याशिवाय ठसा उचलत नाही, आणि तुकडा चारही बाजूंनी मोठा कापते. नक्षी वाळली की मगच कागदाचा साचा ठेवून अंतिम माप. शिलाईसाठी कडेला पाच-सहा मिलिमीटर कोरी जागा ठेवायची आणि जिथे घडी पडणार तिथे नक्षी न्यायचीच नाही.

दुसऱ्या वेळी निळे-काळे ठिपके आले. मला वाटलं बुरशी. ते लोखंड होतं. कानस घासलेल्या हातानंच मी ओलं कातडं धरलं होतं. टॅनिन आणि लोखंड भेटले की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) वापरून कापड काळं रंगवतात ते याच कारणानं. लिंबाचा रस लावून ठिपके बरेच फिके झाले, मग ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. गंजक्या बादलीतलं पाणीही टाळा.

घाई झाली म्हणून हेअर ड्रायर लावू नका. व्हेज टॅन ओलं असताना साधारण 70-80 अंशांच्या पुढे आक्रसून कडक होतं आणि परत सरळ होत नाही. एक तुकडा मी असा पापडासारखा केलाय.

नाव किंवा बोधचिन्ह हवं असेल तर हातानं कोरत बसण्यापेक्षा धातूचा ब्लॉक करून घ्या. लग्नपत्रिकांवर सोनेरी छपाई करणाऱ्यांना विचारा, त्यांना ब्लॉकवाले माहीत असतात. ब्लॉक उलटा लागतो, हे सांगायला विसरू नका, आणि नाव ग्राहकाकडून लिहून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ कातड्यात दाबलं गेलं की खोडता येत नाही. ओलसर कातड्यावर ब्लॉक ठेवून क्लॅम्पनं दहा मिनिटं दाबलं तरी स्वच्छ उमटतं. रंग, खाचांत बसणारी गडद पेस्ट, वरून मेण, हे सगळं पूर्ण वाळल्यावर. त्यात चुका कमी होतात, ते करता करता येतं.

घरी पहिल्यांदा कातडं आणलं तेव्हा आजी म्हणाली होती, “हे काम आपलं नव्हे.” तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि लाज वाटली. जे चर्मकार कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या कमीपणाचं म्हणून ऐकवलं, तेच आम्ही करायला लागलो की ‘क्राफ्ट’ होतं आणि किंमत वाढते. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मामांच्या दारात अजून घासाघीस चालते. त्यांच्याकडून शिकायला गेलात तर दिवसाची मजुरी आधी विचारा आणि ती देऊन टाका.

पावसाळ्यात पिशवीत गुंडाळलेलं कातडं दुसऱ्या दिवशी पांढरी बुरशी धरतं, आणि वाळायला चार-चार दिवस घेतं. पंख्याखाली, सावलीत, वर्तमानपत्रावर पसरायचं, कागद रोज बदलायचा. म्हणून गणपतीसाठीच्या ऑर्डरींचं ठसेकाम मी मेअखेर उरकते. जुलैमध्ये फक्त शिलाई.