लॅटिनची नामं आणि विशेषणं: स्वाध्याय सोडवताना या चुका टाळा

लॅटिन शिकायला घेतलेल्या मराठी माणसाची सुरुवात सहसा छान होते. शाळेत 'रामः रामौ रामाः' केलेलं असतं, त्यामुळे विभक्ती म्हणजे काय हे वेगळं शिकावं लागत नाही. इथे तर द्विवचनही नाही. तक्ता पटकन पाठ होतो, पण स्वाध्यायातली रिकामी जागा समोर आली की हात अडतो. यातल्या बऱ्याच चुका तक्ता कच्चा असल्यामुळे होत नाहीत, मराठीच्या सवयीमुळे होतात. म्हणून तक्ता पुन्हा घोकूनही त्या जात नाहीत.

पहिली अडचण कर्माची. 'मुलगी गुलाब बघते' या वाक्यात गुलाबाला काहीच लागत नाही, म्हणून आपण बिनधास्त 'पुएल्ला रोसा विदेत' लिहितो. हवं 'रोसाम'. सजीव कर्म आलं की उलटा घोळ होतो. 'मुलाला बघतो' आणि 'मुलाला देतो' या दोन्हींत आपल्याकडे एकच 'ला'. लॅटिनमध्ये पहिल्या ठिकाणी द्वितीया, 'पुएरुम'. दुसऱ्या ठिकाणी चतुर्थी, 'पुएरो'. 'ला' दिसला की आधी क्रियापद बघा. दुसरी एखादी गोष्ट दिली, सांगितली किंवा दाखवली जात असेल, तर ती ज्याला मिळते त्याची चतुर्थी.

विशेषणाचंही तसंच. 'चांगल्या मुलाला' म्हणताना 'ला' फक्त नामाला लागतो, विशेषण 'चांगल्या' या सामान्यरूपावर थांबतं. लॅटिनचं विशेषण असं अर्ध्यावर थांबत नाही. नामाचं लिंग, वचन आणि विभक्ती तिन्ही त्यालाही घ्यावी लागतात: 'पुएरो बोनो'.

आता सगळ्यात चिवट चूक: यमक जुळवणं. सुरुवातीच्या धड्यांत 'पुएल्ला बोना', 'सेर्वुस बोनुस' अशा जोड्या येतात आणि शेवट सारखा आला की उत्तर बरोबर, असं डोक्यात पक्कं बसतं. मग 'नाउता बोना' लिहिलं जातं. नाउता म्हणजे खलाशी. शब्दाचा शेवट पुएल्लासारखा असला तरी तो पुल्लिंगी, म्हणून 'नाउता बोनुस'. शेतकरी 'आग्रिकोला' आणि कवी 'पोएता' यांचंही हेच.

ही सवय मोडायला वनस्पतींच्या शास्त्रीय नावांइतका चांगला सराव नाही, आणि ती नावं आपल्या ओळखीची असतात. पिंपळाचं नाव फायकस रिलिजिओसा. नामाच्या शेवटी 'उस', विशेषणाच्या शेवटी 'आ', आणि तरी जोडी बिनचूक, कारण फायकस हा शब्द लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी आहे. काळी मिरी पायपर नायग्रम: पायपर नपुंसकलिंगी, म्हणून शेवट 'उम'. हळद मात्र कुरकुमा लोंगा. 'लागवडीचा' या अर्थाचं एकच विशेषण केशराला क्रोकस सटायव्हस, तांदळाला ओरायझा सटायव्हा आणि लसणाला अॅलियम सटायव्हम असं तीन रूपांत भेटतं. रोज अशी पाच नावं घेऊन प्रत्येक नामाचं लिंग ओळखून शब्दकोशात पडताळा. तक्ता वाचून जे हाताला लागत नाही ते इथे लागतं.

लिंग मराठीवरून ठरवू नका. आपलं झाड नपुंसकलिंगी, त्यांचं 'आर्बोर' स्त्रीलिंगी. फूल 'फ्लोस' पुल्लिंगी, समुद्र 'मारे' नपुंसकलिंगी. नाम पाठ करताना तीन गोष्टी एकत्र म्हणा: प्रथमा, षष्ठी, लिंग. षष्ठी गाळली की नुकसान होतं, कारण शब्दाचं खरं अंग तिथे दिसतं. 'पुएर'ची षष्ठी 'पुएरी', पण 'आगेर'ची 'आग्री'. 'कोर्पुस' प्रथमेत 'सेर्वुस'सारखा दिसतो, पण 'कोर्पोरिस' ही षष्ठी ऐकताच तो नामांच्या तिसऱ्या वर्गातला, म्हणजे 'सेर्वुस'पेक्षा वेगळ्या तक्त्याने चालणारा आहे हे कळतं.

एकाच प्रत्ययाची अनेक कामं असतात, तिथे घाईत पहिला सुचलेला अर्थ लिहू नका. 'पुएल्लाए' म्हणजे मुलीचा, मुलीला किंवा अनेक मुली. 'नाउता पुएल्लाए रोसाम दात' घ्या. 'दात' एकवचनी, म्हणून अनेक मुली कर्ता असू शकत नाहीत. देण्याचं क्रियापद घेणारा मागतं, म्हणून खलाशी मुलीला गुलाब देतो. 'दात'च्या जागी 'विदेत' घाला. आता घेणाऱ्याला जागाच उरत नाही आणि खलाशी मुलीचा गुलाब बघतो. 'पुएल्लाए' जसंच्या तसं राहिलं, अर्थ क्रियापदाने बदलला. अशी जोडवाक्यं स्वतः रचून सोडवली तर स्वाध्यायाचं पान दुप्पट उपयोगी पडतं.

संस्कृत पक्कं असलेल्यांनी पंचमीकडे जरा जास्त लक्ष द्यावं. लॅटिनमध्ये तिच्याकडे तृतीयेचंही काम येतं. बाणांनी मारलं तर नुसतं 'सागित्तिस', पण मित्राबरोबर गेला तर 'कुम आमिको'. ते 'कुम' गाळलं की वाक्य तुटतं.

शेवटचं थोडं तांत्रिक. ब्रिटिश पुस्तकांत विभक्ती सहसा प्रथमा, संबोधन, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी, पंचमी अशा क्रमाने येतात, तर अमेरिकन पुस्तकांत प्रथमेनंतर लगेच षष्ठी आणि चतुर्थी, मग द्वितीया. रूपं ओळीच्या जागेवरून लक्षात ठेवली असतील तर पुस्तक बदलताच सगळी उत्तरं सरकतात. एकच क्रम निवडा. दुसऱ्या पुस्तकातला स्वाध्याय घेतलात तर त्याचा तक्ता आधी आपल्या क्रमाने वहीत उतरवून घ्या.