मलावीत शिकवायला जायचंय? अशी करा तयारी

टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक यांच्यामधला चिंचोळा देश म्हणजे मलावी. १९९४ मध्ये तिथे प्राथमिक शिक्षण मोफत झालं. मुलं लोंढ्याने आली, वर्गखोल्या आणि शिक्षक मात्र अपुरेच राहिले. खालच्या इयत्तांत एका वर्गात शंभरावर मुलं असणं नवलाचं नाही, म्हणून तयारी करायची ती अशा वर्गाची.

आधी कागदपत्रं. चार महिने अगोदर शाळेकडून लेखी पत्र मागवा. इयत्ता, विषय, राहायची सोय आणि कामाचा परवाना कोण काढणार, हे त्यात हवंच. पर्यटक व्हिसावर शिकवू नका. पोलीस पडताळणीचा दाखलाही काढा. मुलांमध्ये वावरणाऱ्याने तो स्वतःहून द्यावा.

मग लस. मुंबईहून जाताना बऱ्याचदा अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलावं लागतं. इथिओपिया आणि केनिया पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. त्या लशीचं प्रमाणपत्र नसेल, तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र लागू व्हायला दहा दिवस लागतात.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून ठरवा. डॉक्सीसायक्लिन असेल तर जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज, आणि परतल्यावरही चार आठवडे घ्यायची. घरी पोचताच गोळ्या सोडणं ही नेहमीची चूक. यकृतातले जंतू उशिरा रक्तात उतरतात, तेव्हाच त्यांची गरज असते.

चिचेवा भाषा थोडी तरी शिकून जा. ‘मुली ब्वांजी?’ म्हणजे ‘कसे आहात?’, उत्तर, ‘न्दिली ब्विनो, काया इनू?’ ‘इनू’ म्हणजे तुम्ही, ‘इवे’ म्हणजे तू. मोठ्यांना ‘इवे’ म्हणणं आपल्याकडच्या अरेतुरेइतकंच खटकतं. कामाचं बोलण्याआधी विचारपूस झालीच पाहिजे.

आता वर्ग. खालच्या इयत्तांत चिचेवा चालते, पाचवीपासून शिकवणं इंग्रजीत. त्यामुळे ‘समजलं का?’ विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘येस’ म्हणतो, आणि निम्म्यांना काहीच कळलेलं नसतं. तो प्रश्न विचारूच नका. उत्तर बोटांनी दाखवायला सांगा. शंभर हात एका नजरेत तपासता येतात.

दहा-दहांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक प्रमुख नेमा. साहित्य तिथलंच घ्या: मक्याचे दाणे, खोक्यांचे पुठ्ठे, सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं. तिथल्या शिक्षक-प्रशिक्षणात या पद्धतीला ‘टालुलार’ म्हणतात. प्रत्येक मुलाने दहा झाकणं आणली की हजार जमतात. खिळ्याने मधोमध भोक पाडून दहा झाकणं दोऱ्यात ओवली की झाला दशक, सुटं झाकण म्हणजे एकक. हातच्याची वजाबाकी शिकवताना गाठ सोडून माळ मोकळी करायची. दशक सुटून दहा एकक होताना मुलांना दिसतात. भोकाच्या कडा दगडाने ठोकून घ्या, नाहीतर बोटं कापतात. इथून महागडे तक्ते नेऊ नका, तुमच्यामागे ते फाटले की परत मिळत नाहीत.

रोज स्थानिक शिक्षकाला सोबत घेऊनच शिकवा, आणि शेवटचा महिना तास त्यांनी घ्यायचा, तुम्ही मागे बसायचं.