पुण्यात एमबीए करताय? अभ्यास आणि दोस्तमंडळी दोन्ही कसे सांभाळायचे

दरवर्षी ज्युनियर लोक विचारतातच, ताई सगळं जमतं का, म्हणजे लेक्चर, सबमिशन, कमिटी आणि थोडं फिरणं पण. जमतं. मला पहिल्या सेमला नव्हतं जमलं, त्यामुळे मी जे सांगतेय ते आपटून शिकलेलं आहे असं समजा. इंडक्शनच्या आठवड्यात जोशात येऊन तीन कमिट्यांना नाव दिलं, नाही म्हणायची लाज वाटली हेच खरं कारण, आणि सेम संपला तेव्हा मॅनेजरियल अकाउंटिंगमध्ये जेमतेम पास आणि कोथरूडला दोन किलोमीटरवर राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मैत्रिणीला तीन महिन्यांत एकदाही भेटले नव्हते. म्हणजे ना अभ्यास ना मजा, मग वेळ गेला कुठे?

तर सगळ्यात आधी हेच शोधा. एक आठवडा वहीच्या मागच्या पानावर तीन कॉलम आखा, खरा अभ्यास, खरी मजा, आणि तिसरा 'यातलं काहीच नाही'. माझा तिसरा कॉलमच भरला होता. ग्रुपवर 'कितीला भेटायचं' यावर पाऊण तास, कँटीनमध्ये पाचवा मेंबर यायची वाट बघत एक तास, लॅपटॉप उघडा ठेवून रील बघत दोन तास. अभ्यासाने मजा मारली नव्हती आणि मजेने अभ्यासही मारला नव्हता, दोघांनाही या तिसऱ्या कॉलमने मारलं होतं. त्यामुळे मित्र कमी करा, फोन बंद करा वगैरे सल्ले मी देत नाही, हा कॉलम कमी करा एवढंच.

त्यातला सगळ्यात मोठा चोर म्हणजे ग्रुप प्रोजेक्ट. एमबीएत प्रत्येक विषयाला एक ग्रुप असतो आणि प्रत्येक ग्रुपात सगळे मिळून बसू म्हणणारा एक जण असतो. सगळे मिळून बसू म्हणजे एक जण पीपीटी करणार आणि चार जण फॉन्टवर मत देणार. आम्ही तिसऱ्या प्रोजेक्टपासून एक पद्धत लावली. पहिली मीटिंग फक्त अर्धा तास, त्यात कोण काय करणार ते वाटायचं आणि लगेच ग्रुपवर लिहून टाकायचं (तोंडी ठरलेलं दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही), सबमिशनच्या दोन दिवस आधी सगळ्यांनी आपापला भाग पाठवायचा, एकाच माणसाने जोडायचं आणि मग एकदा प्रॅक्टिस. मीटिंगला सुरू व्हायची वेळ सगळेच ठरवतात, तुम्ही संपायची वेळ पण ठरवा. आणि चहा काम झाल्यावर. चहा घेत घेत काम करू म्हणलं की काम पण होत नाही आणि चहावर नीट गप्पा पण होत नाहीत, मीटिंग संपवून मग कट्ट्यावर दीड तास बसलात तरी कोणाची हरकत नाही.

जो माणूस कामच पाठवत नाही त्याचं काय? एकदा सांगा, दुसऱ्यांदा ग्रुपवर सगळ्यांसमोर सांगा, पुढच्या वेळी ग्रुप बदला. मैत्री ठेवा, फक्त ग्रुप बदला. माझी एक जवळची मैत्रीण आहे जिच्याबरोबर मी एकही प्रोजेक्ट केला नाही, म्हणूनच बहुतेक मैत्री टिकलीय.

आता अभ्यासाचं. सगळ्या विषयांना सारखा वेळ द्यायचा नादच सोडा. अकाउंटिंग, दुसऱ्या सेमचं फायनान्शियल मॅनेजमेंट, ऑपरेशन्समधले गणिताचे भाग, हे हाताने सोडवल्याशिवाय येत नाहीत आणि शेवटच्या आठवड्यात तर अजिबातच येत नाहीत, त्यामुळे रोज ४० मिनिटं, दोन-तीन सम्स, आजारी असाल तरच सुट्टी. ऑर्गनायझेशनल बिहेवियर किंवा मार्केटिंगचे बेसिक्स लेक्चरला जागे राहिलात तर परीक्षेआधी आठ-दहा दिवसांत होतात, फक्त उदाहरणं स्वतःची लिहा. केस स्टडी असेल तर आधी पहिलं पान, मग शेवटचं पान, मग तक्ते, आणि मगच मधलं सगळं. सुरुवातीपासून गोष्टीसारखी वाचत बसलात तर रात्रीचा एक वाजतो आणि नेमका प्रश्न काय होता तेच कळत नाही.

आणि इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच सेमभर देतं त्या मार्कांना, हलक्यात घेऊ नका. आमच्या वेळी पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नला ३ क्रेडिटच्या विषयात १०० पैकी ५० मार्क इंटर्नल होते आणि २ क्रेडिटचे विषय तर पूर्णच इंटर्नल. म्हणजे सेमभर हिंडून शेवटी नाईट मारू हा इंजिनिअरिंगवाला हिशोब इथे चालत नाही, अर्धे मार्क तोवर वाटून झालेले असतात. ७५ टक्के अटेंडन्सचं पण तसंच, जायचंच आहे तर पुढच्या तीन बाकांवर बसा, मागे बसून ऐकलेलं रूमवर येऊन परत वाचावं लागतं.

कमिटी एकच घ्या. प्लेसमेंट कमिटी हवी असेल तर तीच, कारण ती एकटीच तीन कमिट्यांएवढा वेळ खाते. सीव्हीवर तीन नावं लिहिण्यापेक्षा एकीत स्वतः काय केलं हे इंटरव्ह्यूला सांगता आलेलं बरं.

मजेचं पण आधी ठरवायला लागतं, हे मला खूप उशिरा कळलं. पुण्यात कॉट बेसिसवर (खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन) राहणाऱ्यांना माहितीय, रविवारी संध्याकाळी बऱ्याच मेस बंद. मग तीच आमची बाहेर जायची वेळ झाली, कोणी विचारायचं नाही, कोणी ठरवायचं नाही, साडेसातला एफसी रोडला जो येईल तो येईल. महिन्यातून एकदा सिंहगड, पहाटे निघून वरती पिठलं-भाकरी आणि दही खाऊन दुपारपर्यंत परत. त्या दिवशी पुस्तक बॅगेत नेऊ नका, आम्ही नेलेलं, ते फक्त गड चढून आलं.

ढोल-ताशा पथकाचं वेगळं सांगते कारण दरवर्षी कोणीतरी अडकतंच. गणपतीच्या साधारण दोन महिने आधी सराव सुरू होतो आणि तो रोज संध्याकाळचा असतो. पहिल्या वर्षी कॅप राऊंड (प्रवेशाच्या फेऱ्या) लांबतात, कॉलेज सुरू व्हायलाच ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो, त्यामुळे तेव्हा वाजवून घ्या बिनधास्त. दुसऱ्या वर्षी मात्र त्याच दिवसांत समर इंटर्नशिपचा रिपोर्ट, त्याचा वायवा आणि प्लेसमेंटची धावपळ एकत्र येते. माझ्या रूममेटने तरी केलं, पण तिने इंटर्नशिप चालू असतानाच दर शनिवारी रिपोर्टची चार पानं लिहून ठेवली होती. तेवढं होणार असेल तर ढोल उचला.

नोकरी करणारे जुने मित्र असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की वीकडेला मी भेटणार नाही आणि शनिवारी रात्री नक्की भेटेन. 'बघू, कळवते' हे उत्तर सगळ्यात वाईट, त्यात समोरचा पण लटकतो आणि आपण पण. आणि खर्चाचं बिनधास्त बोला, त्यांचा पगार आणि आपला एज्युकेशन लोन यात फरक आहे, दर वेळी हॉटेल कशाला, अमृततुल्यमध्ये पण तासभर बसता येतं.

घरच्यांचा फोन राहिलाच. आई नेमकी ग्रुप मीटिंगमध्येच फोन करायची आणि मी 'नंतर करते' म्हणून विसरायचे, मग दोन दिवस अबोला. शेवटी मेसवरून रूमवर चालत येतानाची १५ मिनिटं तिला देऊन टाकली, रोज रात्री पावणेनऊ. आता मलाच उशीर झाला तर तिचा मेसेज येतो, जेवलीस ना.