दिवड मारली, बीळ तसंच राहिलं

लावणी उरकली की सगळ्यांचं लक्ष खताकडे लागतं आणि बांधाकडे कोणी फिरकत नाही. कोकणातली आणि मावळातली भातखाचरं दरवर्षी इथेच मार खातात. संध्याकाळी काठोकाठ भरलेलं खाचर सकाळी रितं दिसतं. बांधाच्या बाहेरच्या अंगाला मनगटाएवढं भोक असतं, त्यातून रात्रभर पाणी वाहून गेलेलं असतं. भोकाच्या तोंडाशी दिवड दिसली की काठी पडते, साप मरतो, माणूस घरी जातो आणि बीळ तसंच राहतं. दोन दिवसांनी मारलेला युरिया त्याच वाटेने खालच्या शेतात उतरतो.

दिवडीला बीळ खणता येत नाही. तिला पाय नाहीत, नखं नाहीत, माती उकरायला दणकट मुस्कट नाही. ती राहते ती उंदरांनी किंवा मुठ्यांनी, म्हणजे शेतातल्या खेकड्यांनी, केलेल्या बिळात. म्हणून जिथे दिवड दिसली तिथे बांध पोकळ आहे असं धरून चाला आणि काठीऐवजी कुदळ आणा.

ओळख नीट असू द्या. दिवड, विरोळा, पाणदिवड, नुसता पाणसाप, ही सगळी एकाच सापाची नावं. शास्त्रीय नाव फाउलिया पिस्केटर. जुन्या पुस्तकांत झेनोक्रोफिस पिस्केटर सापडेल. रंग पिवळसर किंवा मातकट हिरवट, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकडे. डोळ्यापासून खाली आणि मागे तिरक्या जाणाऱ्या दोन काळ्या रेघा ही पक्की खूण. खवल्यांना मधोमध धार असल्याने अंग खरखरीत दिसतं. लांबी साधारण दोन ते चार फूट. मादी नरापेक्षा मोठी.

साप बिनविषारी आहे, पण गरीब नाही. डिवचला की मान चपटी करतो, अंग उचलतो, उसळी मारून चावतो. मान पसरलेली बघून लोक नाग समजतात आणि घाबरून हाणतात. चावा बसला तर रक्त बऱ्यापैकी येतं. जखम साबण-पाण्याने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. मात्र चावलेला साप दिवडच होता याची खात्री नसेल तर बिनविषारी समजून घरी बसू नका. घोणशीच्या पाठीवर गोल-लांबट डागांच्या तीन रांगा असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते, हे दिवसा ठीक. अंधारात, चिखलात कोणाला ओळखू येणार? चावलेला अवयव हलवू नका, दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा.

तिचं खाणं मासे, बेडूक आणि बेडकांची पिल्लं. लहान दिवड पाण्यातले किडेही खाते. मोठी दिवड कधीमधी उंदीर गिळते, पण उंदरांचा बंदोबस्त दिवड करेल या भरवशावर राहू नका. ते काम धामणीचं. दिवडीमुळे भात वाढतं असं सांगणारेही चुकतात. मात्र जिथे दिवड टिकून आहे तिथे बेडूक भरपूर असतात, आणि बेडूक खोडकिडीचे पतंग आणि तुडतुडे खातात. आमचा शेतावरचा अंदाज असा, की ज्या खाचरातून दिवड एकाएकी दिसेनाशी झाली तिथे आधी बेडूक गेलेले असतात, आणि बेडूक गेले ते बहुतेक वेळा दाणेदार औषधाच्या अति वापराने. हे मोजून सिद्ध केलेलं नाही, बांधावरचं निरीक्षण आहे.

आता बिळाकडे वळू, कारण नुकसान तिथे आहे.

मुठ्याचं बीळ पाण्याच्या पातळीला लागून असतं, तोंड गोल, बाहेर चिखलाच्या गोळ्या. उंदराचं बीळ पाण्याच्या वर, तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग, जवळ तिरकी कापलेली चुडं, म्हणजे भाताच्या रोपांचे झुबके. दोन्हींचा इलाज वेगळा. संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडं ओल्या मातीने लिंपा. सकाळी जी उघडी दिसतील तीच नांदती. आमिष फक्त त्यांतच घाला, सरसकट टाकलेलं वाया जातं.

बीळ बुजवताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे टाचेने तोंड दाबून पुढे जाणं. आतली पोकळी तशीच राहते आणि पहिल्या मोठ्या सरीला बांध तिथेच बसतो. बिळाच्या वळणावळणाने खणत शेवटापर्यंत जा. चिकणमातीत चिरलेला पेंढा मिसळा, चार-चार बोटांचे थर द्या, प्रत्येक थर धुमशाने, म्हणजे जड लाकडी ठोकळ्याने, ठोका, मग दोन्ही अंगांनी चिखल लिंपा. पाण्याच्या बाजूचा लेप जास्त जाड हवा. खणताना साप निघाला तर दोन पावलं मागे या आणि त्याला वाट द्या. दिवड पाण्याच्या दिशेने निघून जाते. बिळात हात घालून मुठे काढायची सवय सोडा. तशाच बिळात नागही असू शकतो.

बांधाची रुंदी आणि उंची फुटाच्या आसपास ठेवली तर उंदराला घर करायला जागाच उरत नाही. रुंद, गवताळ बांध म्हणजे त्याला बांधून दिलेला वाडा.

उंदरांसाठी: पहिले दोन दिवस बिनविषारी आमिष द्या, भरडलेलं धान्य आणि थोडं गोडं तेल. तिसऱ्या दिवशी ९६ भाग भरड, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाईड काठीने कालवून प्रत्येक नांदत्या बिळात सुमारे १० ग्रॅमची पुडी सारा. हातमोजे घाला, या विषावर उतारा नाही. एका हंगामात झिंक फॉस्फाईड एकदाच, कारण वाचलेले उंदीर पुन्हा त्याला तोंड लावत नाहीत. नंतर लागलंच तर ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के तयार वड्या. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून पुरा, म्हणजे धामण, घुबड, कुत्रं त्यात सापडणार नाही. हे सगळं पोटरीच्या आधी, म्हणजे लोंबी पोटात धरण्याआधी. पोटरीतल्या भाताची गोडी लागल्यावर उंदीर आमिषाकडे ढुंकून बघत नाही.

मुठ्यांसाठी कृषी विद्यापीठाची शिफारस: १ किलो शिजवलेल्या भातात ७५ टक्के ॲसिफेट भुकटी ७५ ग्रॅम, त्याच्या साधारण १०० गोळ्या, एकेक गोळी बिळाच्या तोंडाशी. पाऊस उघडलेला असताना संध्याकाळी ठेवा, पाण्यात टाकू नका. त्या शेतातले मुठे कालवणाला आणू नका, शेजाऱ्यालाही सांगून ठेवा. रात्री बत्ती घेऊन पोती भरणारी मुलं कोणाच्या शेतातून मुठे आणतात याचा पत्ता नसतो.

दुकानात साप पळवायची म्हणून पावडर, फिनेलसारखं द्रावण, कार्बोलिकच्या वड्या गळ्यात मारतात. या पैशात बांध लिंपायला एक गडी दिवसभर मिळेल. त्याहून वाईट म्हणजे बिळात फोरेट या कीटकनाशकाचे दाणे ओतायचा जुना सल्ला. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कोणी 'जुना माल आहे' म्हणून काढून दिला तर घेऊ नका. ते दाणे साप पळवत नाहीत, पाण्यातले मासे आणि बेडूक मारतात, आणि चिखलात उघड्या पायांनी उभ्या असलेल्या बाईला बाधतात.

लावणीनंतरची नेहमीची कामं:
– रोपं रुजेपर्यंत पाणी २ ते ३ सें.मी., फुटव्यात ५ पर्यंत, पोटरी ते दाणा भरेपर्यंत ५ ते १०.
– युरिया देण्याआधी पाणी काढा, दोन दिवसांनी भरा.
– युरिया-डीएपी ब्रिकेट (दाबून केलेली खताची गोळी): चार चुडांच्या मध्ये एक, ७ ते १० सें.मी. खोल, हेक्टरी १७० किलो.
– बांधावरचं गवत दर पंधरवड्याला कापा.
– कापणीआधी ८ ते १० दिवस पाणी तोडा.

बीळ गळत असेल तर यातलं पहिलं कामही साधत नाही. दर आठ दिवसांनी, आणि मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या सकाळी, बांधाच्या बाहेरच्या अंगाने फेरी मारा. आतून बघितलं तर गळती दिसत नाही. नागपंचमीला खणायचं नसतं, तेव्हा त्या आठवड्याची बिळं आधीच उरकून घ्या.

मत्स्यबीज सोडलेल्या तळ्यात मात्र दिवड खरंच नुकसान करते. काठ साफ ठेवा, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, मोठी होईपर्यंत तळ्याभोवती बारीक छिद्रांची जाळी ताणून, तळाशी मातीत गाडून लावा. फाटकी नायलॉन जाळी काठावर टाकून ठेवू नका. दिवडीचे धारदार खवले तिच्यात अडकतात, मागे सरता येत नाही आणि साप उन्हात मरतो. अडकलेला दिसला तर वनविभागाला १९२६ वर कळवा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली दिवडीला संरक्षण आहे, मारणं हा गुन्हा ठरतो.

कापणीच्या वेळी दिसलेल्या प्रत्येक बिळापाशी बांबूची खुंटी ठोका आणि माती ओलसर आहे तोवर, म्हणजे मार्गशीर्षात, ती खणून भरा. तिथून पुढे उन्हाळ्यापर्यंत दिवडीची मादी अशाच बिळांत अंडी घालते, बऱ्याचदा तीस ते सत्तर, आणि त्यांच्याजवळ थांबते. उशीर झाला आणि कुदळीला पांढऱ्या, चामड्यासारख्या कवचाच्या अंड्यांचा घोस लागला तर न उलटवता वर माती सारा. ते एक बीळ पिल्लं निघेपर्यंत ठेवा, खुंटी काढू नका, आणि चिखलणीच्या आधी भरायच्या यादीत पहिलं नाव त्याचं लिहा.