मोफत वकील मागताय? आधी तारीख लिहून ठेवा

समन्स हातात पडलं की त्यावरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. बेलिफाने (समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाने) कागद कोणत्या दिवशी दिला तेही लिहा, कारण दिवाणी दाव्यात लेखी कैफियतीची, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराची, 30 दिवसांची मुदत तेव्हापासून मोजतात. आईच्या घराच्या दाव्यात मी बाकी सगळं जमवलं, तारीख तेवढी विसरलो. आपल्याला अजून वकील मिळायचाय, तोवर कोर्ट थांबेल, असं धरून चाललो होतो. कोर्ट थांबत नाही. दावा एकतर्फी, म्हणजे आमची बाजू न ऐकता, चालवायचा हुकूम झाला, आणि मिळालेल्या वकिलांचा पहिला महिना तो निस्तरण्यातच गेला.

मोफत वकिलासाठी अर्ज करायला उशीर झाला तो उत्पन्नाच्या दाखल्यापायी. त्यासाठी तीन आठवडे खेटे घातले, आणि नंतर कळलं की तो लागतच नव्हता! मोफत वकील कुणाला मिळतो ते सांगणारं विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 चं कलम 12 कुणीतरी आधी वाचून दाखवायला हवं होतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेला माणूस, यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे. त्यांनीही दाखल्यामागे धावण्याआधी प्रतिज्ञापत्रावर भागेल का ते विचारावं, कायद्यात तशी सोय आहे. तेव्हा आपण कोणत्या गटात बसतो हे आधी बघा, मग रांगेत उभे राहा.

अर्ज करायला जाताना आधार, फोटो वगैरे न्यालच. समन्स, दाव्याची प्रत, नोटिसा, करार, पावत्या यांच्या झेरॉक्स द्या. मूळ कागद स्वतःजवळच ठेवा. काय कधी घडलं ते एका पानावर क्रमाने लिहा. एकाच पानावर. आमचं रामायण ऐकायला तिथे कुणाला सवड नव्हती.

अर्ज घ्यायला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. फोन 15100. गेटवर 'मी करून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, लिहून घेतात. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या.

आणि ती पोच घेऊन तारखेला जा. अर्ज मंजूर झाला नसला तरी जा. वकील नेमलाय पण भेटला नाही, तरीही जा. पुकारा झाला की उभं राहून सांगा, मोफत वकिलासाठी अर्ज केलाय, मुदत हवी. नुसतं तोंडी नको, अर्ध्या पानाचा मुदतीचा अर्ज द्या, सोबत पोचेची झेरॉक्स. पुढची तारीख तिथेच लिहून घ्या आणि घरी आल्यावर ई-कोर्ट्स ॲपमध्ये सीएनआर क्रमांक (कोर्टाने आपल्या दाव्याला दिलेला क्रमांक) टाकून पुन्हा बघा.

वकील मिळाले की त्यांचा नंबर घ्या, वकीलपत्र (आपल्या वतीने काम चालवायचा अधिकार वकिलाला देणारा कागद) वाचून सही करा. पैसे द्यायचे नाहीत, कोर्ट फीसुद्धा यातच येते. कुणी मागितलेच तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. लोकअदालतीत तडजोड करणार असाल तर सहीआधी दोनदा वाचा, त्यावर अपील नाही. बाकीचं वकील सांगतील. तारीख मात्र तेच कळवतील म्हणून बसून राहू नका. तीही कॅलेंडरवर, लाल पेनाने.