मनगट मोडलंय, क्लेम करू का?

"आंटीजी, दस हज़ार रख लो, थाने-वाने में क्या रखा है!" इंदूरच्या अन्नपूर्णा रोडवर माझी स्कूटी पाडणारा कारवाला पोरगा हात जोडून म्हणत होता. माझं उजवं मनगट भलतीकडेच वळलेलं, तरी मनात आलं, घ्यावेत की काय. लोकमान्यनगरात मी डबे करते. तेव्हा बावीस होते, आणि संध्याकाळच्या पोळ्या कोण लाटणार एवढंच डोक्यात होतं. भाच्याने पैसे घेऊ दिले नाहीत. आता ओळखीत कुणी धडपडलं की फोन मला येतो: "मावशी, क्लेम करू का?"

क्लेम म्हणजे अपघाताच्या भरपाईचा दावा. करायचा की नाही ते सावकाश ठरवा. पण काही गोष्टी त्याच दिवशी करा. गाडीचा नंबर दिसेल असा फोटो काढा. दवाखान्यात "पडले" म्हणू नका, "गाडीने धडक दिली" असंच सांगा आणि एमएलसी, म्हणजे अपघाताची पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, करून घ्या. पोलिसांचं झंझट नको म्हणून आपली माणसं "बाथरूममध्ये घसरले" असं लिहून येतात. पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद समोर धरतो. एफआयआर करा, आणि समझौत्याच्या कागदावर सही करू नका, मग समोरचा कितीही गयावया करो.

गरिबाच्या पोराला कशाला कोर्टात ओढायचं, असं वाटत असेल तर आधी एम-परिवहन ॲपवर गाडीचा विमा बघा. विमा चालू असेल तर पैसे साधारणपणे कंपनी भरते, पोरगा नाही. विमा नसला तर मात्र मालकाच्या मागे लागावं लागतं, आणि तिथे वसुलीला दम लागतो.

आता क्लेम कधी करू नये. याच भाच्याला पुढे एका बाइकने उडवलं. गुडघ्याला पाच टाके, तीन दिवस रजा, औषधपाण्याचे 3,800 रुपये. त्याला मी सरळ नको म्हटलं. तारखा, साक्ष, उलटतपासणी, वकिलाची फी यांत मिळणाऱ्या रकमेपेक्षा रजाच जास्त जातील. राग आला म्हणून क्लेम करू नये.

हाड मोडलं की गोष्ट वेगळी. कायद्यात ती गंभीर दुखापत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक कुणाची हे सिद्ध न करताही अडीच लाख मिळू शकतात. पण ते स्वीकारले की कलम 166 चा, म्हणजे झालेलं सगळं नुकसान मागण्याचा दावा संपतो. म्हणून घाई नको. आणि फार रेंगाळूही नका, कारण 1 एप्रिल 2022 पासून अर्जाला अपघाताच्या तारखेपासून 6 महिन्यांची मुदत आहे. प्लास्टर आणि फिजिओत चार महिने कसे जातात कळत नाही.

मी ठरवलं ते पोलपाटासमोर. पोळी लाटताना एका हाताचा जोर किंचित जास्त पडतो, म्हणून ती आपोआप फिरते. माझ्या उजव्या हातात तो जोरच उरला नव्हता. पोळी जागच्या जागी, कडा जाड. मेडिकल बोर्डाने अपंगत्व 14 टक्के लिहिलं. कारकुनाच्या हाताला चौदा टक्के वेगळे, माझ्या हाताला वेगळे. सर्वोच्च न्यायालयानेही 2010 मध्ये हेच सांगितलंय: नुसती टक्केवारी बघू नका, त्या माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला ते बघा. तुमच्या दुखापतीलाही हाच प्रश्न विचारा. पूर्वीचं कोणतं काम आता होत नाही, आणि त्याचे पैसे कोण भरतंय? मी फुलक्यांना बाई ठेवली, महिना 4,500. हिशोब तिथूनच सुरू झाला.

"पण माझ्याकडे सॅलरी स्लिप कुठंय?" माझ्याकडे तरी कुठे होती! तेलाचे डाग पडलेली डब्यांची वही होती, मोबाइलवर आलेल्या पैशांच्या नोंदी होत्या, आणि साक्षीला यायला तयार असलेले दोन डबेवाले गिऱ्हाईक होते. घरकामालाही मोल धरतात, त्यामुळे "मी तर घरीच असते" म्हणून मागे राहू नका. तुमचीही थोडी चूक असेल तर तेवढी रक्कम कापली जाते, दावा बुडत नाही. अपघात देवासला झाला असला तरी राहता इंदूरला, तर अर्ज इथेच करता येतो.

"जितना मिलेगा उसका तीस परसेंट" म्हणणारा वकील भेटला तर चहा पिऊन उठा. मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवणं बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या संस्थेच्या, नियमांत बसत नाही. ठरीव फी घेणारा शोधा.

लोक अदालतीत कंपनी तडजोडीचा आकडा सांगते. तिथे हो म्हटलं की विषय मिटला, अपील नाही. पहिल्या आकड्यात माझ्या फुलकेवाल्या बाईचा पगारच धरलेला नव्हता, मी उठून आले. दुसऱ्या वेळी धरला, मग सही केली.

आणि हो, मेडिकलच्या गुळगुळीत पावत्यांवरची शाई काही महिन्यांत उडते. माझ्या चार पावत्या कोऱ्या झाल्या. घरी जाताना वाटेतच झेरॉक्स काढा.